कष्टकऱ्यांची झोप : एक न लिहिलेला इतिहास

माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक विद्यार्थी रोज झोपत असे. पहिले दोन महिने मी त्याला उठवत राहिलो. एके दिवशी संयम सुटला आणि सर्वांदेखत बोललो : समाज जागा व्हावा म्हणून आपल्या माणसांनी रक्त आटवले, आणि तू वर्गात झोपा काढतोस? तो खाली मान घालून बसला. तास संपल्यावर दुसऱ्या एका मुलाने सांगितले की, हा रात्री दहा ते सकाळी सहा एका गोदामात माल उतरवतो आणि तेथून थेट साडेसातच्या तासाला येतो. मला माझीच लाज वाटली. माझे वडील तीस वर्षे रात्रीचे पहारेकरी होते. दिवसा झोपलेल्या माणसाला आळशी म्हणणारी भाषा मी लहानपणी शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकली होती आणि तिचा मला संताप येई. घराण्यातला पहिला पदवीधर झालो, प्राध्यापक झालो आणि तीच भाषा माझ्या तोंडी आली.

ही भाषा आपल्यातही रुजलेली आहे हे मान्य केले पाहिजे. 'जागृती' हा आपल्या चळवळीचा लाडका शब्द. झोप म्हणजे गुलामी आणि जाग म्हणजे मुक्ती, असे आपण भाषणांतून, कवितांतून सांगत आलो. रूपक म्हणून त्यात चूक काही नाही. परंतु या रूपकाआड एक वस्तुस्थिती दडून गेली. ज्या समाजाला आपण निद्रिस्त म्हटले, त्या समाजाच्या देहाला पुरी झोप कधी मिळालीच नव्हती. झोप निसर्गाने सर्वांना दिली. तिचे वाटप मात्र समाजव्यवस्थेने केले. जमीन, पाणी आणि विद्या यांच्या वाटपाचा इतिहास आपण लिहिला. झोपेच्या वाटपाचा इतिहास अजून लिहायचा आहे. प्रस्तुत लेख ही त्याची केवळ सुरुवात समजावी.

गावगाड्यापासूनच आरंभ करू. गावाच्या वेशीवर रात्री कोण जागत होते? येसकर. हातात घुंगरांची काठी घेतलेला महार. गाव झोपावे म्हणून त्याने जागायचे, हा गावगाड्याचा रिवाज होता. शिवाय सरकारी सारा पोचवणे, टपाल नेणे, आलेल्या अंमलदाराचे सामान वाहणे, मयताची वर्दी गावोगाव देणे, ही कामेही त्याचीच. या कामांना वेळ नव्हती. अपरात्री हाक आली तर अपरात्री निघायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यांचा एक प्रमुख आक्षेप असा होता की, वतनदार महार चोवीस तासांचा बांधलेला नोकर आहे आणि तो हजर नसेल तर त्याच्या घरातल्या कोणालाही कामाला जुंपले जाते. मोबदला काय, तर तुटपुंजी जमीन आणि बलुते. आपण या लढ्याकडे मानहानी आणि वेठबिगार या अंगांनी पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु 'चोवीस तास' या शब्दांचा शब्दशः अर्थही घेतला पाहिजे. ज्याच्या दिवसाला शेवट नाही त्याच्या रात्रीला आरंभ नाही. माणसाची झोपसुद्धा दुसऱ्याच्या मालकीची करणारी ही व्यवस्था १९५८ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत टिकली.

गाव सोडून आपली माणसे मुंबईला आली. येथे येसकराची काठी नव्हती, गिरणीचा भोंगा होता. सुरुवातीला गिरणीचा दिवस सूर्यावर चाले. उजेड झाला की यंत्र सुरू आणि अंधार पडला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून मजुरीही मोठी. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेऊन ज्या मागण्या पुढे केल्या, त्यांत रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, या मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पण निदान सूर्य तरी कामगाराच्या बाजूने होता. तो मावळला की मालकाचा इलाज नव्हता. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. १९०५ साली कापडाला मागणी आली तेव्हा या दिव्यांच्या बळावर मुंबईच्या गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या आणि त्याविरुद्ध कामगार रस्त्यावर आले. विजेच्या दिव्याचे कौतुक आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. कामगाराच्या बाजूने पाहिले तर त्या दिव्याने त्याचा सूर्यास्त काढून घेतला.

पुढचा इतिहास तासांच्या कपातीचा आहे. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांचा झाला. १९२२ साली दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तास, १९३४ साली बारमाही कारखान्यांत दहा व चोपन्न तास. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखाना कायद्याची दुरुस्ती होऊन १९४६ साली आठवड्याची मर्यादा अठ्ठेचाळीस तासांवर आली आणि १९४८ च्या कायद्याने तीच कायम केली. बारा तासांवरून आठ-नऊ तासांपर्यंतचा हा प्रवास म्हणजे कामगाराने परत मिळवलेल्या झोपेचा इतिहास आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु तासांची संख्या उतरत असतानाच तासांची जागा बदलत होती. दिवसाचे तास कमी झाले तशा पाळ्या वाढल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रातपाळी मुंबईत सर्रास झाली. यंत्राला विश्रांती नको होती. माणसे पाळीपाळीने बदलली की झाले. १९४८ च्या कायद्यात रातपाळीसंबंधी एक बोलके कलम आहे. मध्यरात्र ओलांडून जाणाऱ्या पाळीत मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजावेत आणि पाळी संपल्यापासूनचे चोवीस तास हा पुढचा दिवस मानावा, असे ते सांगते. हजेरीपुस्तकासाठी ही सोय आवश्यक होती, यात वाद नाही. कायद्याने हजेरीपुस्तकातली मध्यरात्र सरकवली. कामगाराच्या देहातली मध्यरात्र सरकते की नाही, हा प्रश्न कायद्याला पडला नव्हता.

त्यात दलित कामगाराची स्थिती आणखी वेगळी. विणाई खात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. त्यामुळे विटाळ होतो म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात प्रवेश नव्हता आणि पगार तर त्याच खात्यात अधिक होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आपल्या माणसांच्या वाट्याला आले ते मुख्यतः रिंग खाते. माझे आजोबा त्याच खात्यात होते. पाळी सुटली की घर कोठे, तर चाळीतली एक खोली. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बी.डी.डी. चाळींतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तीत आठ-दहा माणसे. मग खोलीतही पाळ्या लागत. एक जण उठून कामावर गेला की त्याच अंथरुणावर दुसरा. दुपारी बारा वाजता स्टोव्ह पेटलेला, पोरे परवचा म्हणत असलेली, नळावर भांडणे चाललेली आणि कोपऱ्यात तोंडावर धोतर ओढून रातपाळीचा माणूस पडलेला. त्याला झोप म्हणायचे काय?

एक प्रसंग आपल्या सर्वांना पाठ आहे. परळच्या डबक चाळीत रामजी सुभेदार बाल भीमरावाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच जागेवर आडवे होत. हा प्रसंग आपण ज्ञाननिष्ठेचा आदर्श म्हणून सांगतो, आणि तो तसा आहेच. पण त्यात त्या खोलीचे मोजमापही आहे. दोन माणसांना एकाच वेळी, एक झोपलेला आणि एक वाचणारा, असे नांदता येईल एवढी जागा आणि शांतता त्या खोलीत नव्हती. ज्ञानासाठी बापलेकांनी झोप मोडून दिली. असा सौदा ज्यांना कधी करावा लागला नाही त्यांच्या गुणवत्तेशी आमच्या गुणवत्तेची तुलना रोज केली जाते.

येथपर्यंत इतिहास झाला. आता विज्ञानाकडे वळतो, कारण गेल्या पन्नास-साठ वर्षांत विज्ञानाने जे दाखवून दिले त्यामुळे या इतिहासाचा अर्थच बदलतो.

१७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक झाड अंधारात ठेवले. ऊन नसतानाही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत. म्हणजे काळाचे भान झाडाच्या आतच होते. १९७१ साली अमेरिकेत रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेन्झर यांनी फळमाशीतील असा एक जनुक दाखवून दिला की ज्यात बिघाड झाला की माशीचा दिवस लहान, मोठा किंवा बेताल होतो. १९७२ साली सस्तन प्राण्यांच्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या छेदनस्थानाच्या वर, एक चिमुकला पेशीसमूह सापडला. तोच देहाचे मुख्य घड्याळ आहे. या घड्याळाचे आतले यंत्र उलगडणारे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या घड्याळाचे काम सोप्या शब्दांत असे. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते रोज स्वतःला लावून घेते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे संप्रेरक रक्तात येते, पहाटे देहाचे तापमान सर्वांत खाली जाते, उजाडण्याच्या सुमारास देह उठण्याची तयारी करू लागतो. यकृत, स्वादुपिंड, हृदय, आतडी यांनाही आपापली घड्याळे आहेत आणि ती मुख्य घड्याळाशी जुळून चालतात. स्वादुपिंड दिवसा जेवण पचवण्याच्या तयारीत असते; रात्री तेच जेवण घेतले तर रक्तातील साखर अधिक चढते व उशिरा उतरते. रातपाळीच्या कामगाराचा डबा रात्री दोनला उघडतो. सकाळी घरी जाताना डोळ्यांवर ऊन येते आणि ते ऊन मुख्य घड्याळाला सांगते की दिवस उगवला, जागा हो. म्हणून रातपाळीच्या माणसाची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा कमी आणि तुटक असते. वर्षानुवर्षे रातपाळी केली तरी बहुतेकांचे घड्याळ पूर्ण उलटत नाही. 'सवय होते' असे मुकादम सांगतो. सवय मनाला होते.

याचे परिणाम एका रात्रीत दिसत नाहीत. म्हणूनच ते इतके दिवस लपून राहिले. १९८६ साली स्वीडनमधील आंदेर्स क्नुटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद गिरणीतील ५०४ कामगारांचा पंधरा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पाळीत काम केल्याची वर्षे वाढली तसा हृदयविकाराचा धोका वाढल्याचे त्यांना दिसले. अमेरिकेतील परिचारिकांचा एक मोठा अभ्यास १९७६ पासून चालू आहे. बदलत्या रातपाळ्या वीस वर्षे किंवा अधिक केलेल्या परिचारिकांत मधुमेहाचे प्रमाण, रातपाळी न केलेल्यांच्या तुलनेत सुमारे दीडपटीवर गेल्याचे त्यातून २०११ साली पुढे आले. वाढलेल्या वजनाचा वाटा वजा केला की हा फरक कमी होतो, पण नाहीसा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रातपाळीचा समावेश 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात केला. डेन्मार्कमध्ये दीर्घकाळ रातपाळी केल्यानंतर स्तनाचा कर्करोग झालेल्या काही स्त्रियांना कामातून उद्भवलेला आजार म्हणून भरपाई मिळाली.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. 'बहुधा' म्हणजे 'निश्चित' नव्हे. रातपाळी करणारा प्रत्येक माणूस आजारी पडतो असेही नाही. माझ्या वडिलांना चव्वेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. तो रातपाळीनेच झाला असे मी शपथेवर सांगू शकत नाही. आहार, दारिद्र्य, तंबाखू, चिंता, सगळे एकत्र गुंतलेले असते. परंतु उलट बाजूही लक्षात घ्यावी. ज्याला रातपाळी झेपत नाही तो काम सोडून जातो आणि अभ्यासात मागे राहतात ते टिकणारे. त्यामुळे कामावर असलेल्यांची मोजदाद केली तर खरा धोका कमीच दिसण्याचा संभव असतो. आपल्याकडचा बदली कामगार, कंत्राटी कामगार तर कोणत्याच नोंदवहीत राहत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दीडशे वर्षे कामगार चळवळीने विचारले : किती तास? तो प्रश्न आवश्यक होता व आजही आहे. विज्ञान त्याला दुसरा प्रश्न जोडते : कोणते तास? आठ तास दिवसाचे आणि आठ तास रात्रीचे यांची किंमत हजेरीपुस्तकात एक असली तरी देहात एक नसते. आणि हे दुसरे तास कोणाच्या वाट्याला येतात हे पाहिले की जात पुन्हा समोर उभी राहते. जुन्या मुंबईत टोपल्यांच्या संडासांतला मैला उचलणारे हलालखोर शहराची नजर चुकवून काम करत. पालिकेने त्यांच्या नावाचा हलालखोर करही बसवला होता. शहराला घाण दिसू नये आणि ती काढणारा माणूसही दिसू नये, ही त्यामागची दृष्टी. आज रात्री रेल्वे स्थानकावर, बाजारात, इस्पितळाच्या वॉर्डात, इमारतीच्या फाटकावर जे जागे असतात त्यांची आडनावे वाचावीत. येसकर नाहीसा झाला. त्याला गणवेश आणि शिट्टी मिळाली.

माझ्या घराचा इतिहास हाच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर आजोबांची गिरणी सुटली. वडिलांना बदलीचे कार्डही मिळाले नाही. एका कंत्राटदाराकडे ते पहारेकरी झाले. रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तास, बसायला प्लास्टिकची खुर्ची. डुलकी लागली तर दंड. मधुमेह निघाला तेव्हा दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जेवणाच्या वेळा पाळा, रात्री पुरी झोप घ्या. वडील हसले आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. लवकर निजणाऱ्याला आरोग्य व संपत्ती मिळते, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. आमच्या घरी दिसत होते ते उलटे : ज्याच्याजवळ आधीच काही आहे त्यालाच लवकर निजता येते.

हा सगळा विचार आज करण्यास तातडीचे कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास तेच राहतील, असा खुलासा त्याबरोबर आहे. म्हणजे पुन्हा तोच हिशेब : बेरीज जुळली की झाले. पण घरी जाण्यायेण्याचे दोन-तीन तास धरले तर बारा तासांच्या दिवसात झोपेला काय उरते? आणि ते बारा तास रात्रीचे असतील तर?

मागण्या काय असाव्यात, यासाठी फार दूर जायला नको. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९९० साली रातपाळीविषयीचा १७१ क्रमांकाचा करार केला. रातपाळीवर नेमण्यापूर्वी व नंतर ठरावीक काळाने मोफत आरोग्य तपासणी, प्रकृतीच्या कारणाने रात्रीचे काम न झेपणाऱ्यास शक्य तेथे दिवसाचे तत्सम काम, प्रथमोपचाराची सोय, रात्रीच्या कामाची वेगळी भरपाई, गरोदर व बाळंत स्त्रियांना पर्यायी काम, एवढ्या गोष्टी त्यात आहेत. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. सफाई कामगारांच्या आणि पहारेकऱ्यांच्या संघटनांनी या कराराचा मराठी तर्जुमा छापून वाटला तरी पुष्कळ काम होईल. रातपाळी लागोपाठ किती रात्री असावी, पाळी बदलताना मध्ये किती तास मिळावेत, हे प्रश्नही वेतनाच्या मागणीइतक्याच गांभीर्याने वाटाघाटीत आले पाहिजेत.

काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. आपल्या सभा रात्री दोनपर्यंत चालतात आणि सकाळी सहाच्या पाळीला जाणारा कार्यकर्ता त्यात शेवटपर्यंत बसतो, याचे आपण कौतुक करतो. त्या कौतुकाचा फेरविचार व्हावा. वसतिगृहातल्या मुलाने रात्ररात्र जागून अभ्यास केला की आपण पाठ थोपटतो; झोपेतच दिवसभराचे वाचलेले स्मरणात मुरते, हेही त्याला सांगावे.

विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एक विनंती आहे. आपापल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : कोणती पाळी केली, किती वर्षे केली, दिवसा कोठे झोपत होता, झोप किती मिळे, आजार कोणत्या वर्षी निघाला. उत्तरे तारखांसह वहीत उतरवा. पुढे एखादा डॉक्टर, एखादा वकील, एखादा संशोधक ती वही मागायला येईल. अभिलेखागारात आपल्या झोपेची नोंद कोणी ठेवलेली नाही; ती आपल्यालाच करावी लागेल.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाची मी माफी मागितली. त्याचा तास आता दुपारच्या तुकडीत घेतो. वहीतले पहिले पान त्याचेच आहे.